पातळी नेमकी कोणत्या कराराची? वायदेबाजाराच्या एका दैनिक विश्लेषणसेवेचे परीक्षण

गेले सहा महिने मी एका सशुल्क विश्लेषणसेवेची वर्गणीदार आहे. शेअर निर्देशांक आणि कमोडिटी यांच्या वायद्यांचे (म्हणजे ठराविक महिन्यात पुऱ्या होणाऱ्या खरेदी-विक्रीच्या करारांचे), एक ते पाच दिवसांपुरते, तांत्रिक विश्लेषण ही सेवा रोज पाठवते. ई-मिनी एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकाचा वायदा), नॅसडॅक १००, कच्चे तेल, नैसर्गिक वायू, सोने, तांबे, मका आणि सोयाबीन असे आठ वायदे तिच्यात असतात. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला शेअर बाजाराचे नियमित सत्र उघडते, त्याच्या दीड-दोन तास आधी प्रत्येक वायद्याचे एक पान हाती येते. सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या एकट्या तिच्यापुरत्या नाहीत. याच साच्याच्या सेवा अनेक आहेत, आणि त्यांपैकी कोणतीही घेण्यापूर्वी मी आता ज्या गोष्टी तपासून पाहीन, त्या मला या सहा महिन्यांत थोडे नुकसान सोसून कळल्या आहेत.

पानाची रचना साधी आहे. वर दैनिक चार्ट, त्याखाली आदल्या दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि सेटलमेंट भाव (दिवसाच्या हिशेबासाठी बाजाराने अधिकृतपणे ठरवलेला भाव), मग पिव्हट, म्हणजे या तिन्हींची सरासरी, व त्याच्या दोन्ही बाजूंचे आधार आणि अडथळे (घसरण किंवा चढ जेथे थांबेल असे वाटते त्या पातळ्या), २० दिवसांची चलसरासरी, १४ दिवसांचा आरएसआय (भावाचा जोर शून्य ते शंभर या आकड्यांत मोजणारा निर्देशक), आणि सर्वांत शेवटी विश्लेषकाचे तीन-चार ओळींचे भाष्य. यातील पिव्हटच्या तक्त्यासाठी कोणी पैसे मोजू नयेत. समजा काल एस अँड पीच्या वायद्याचा उच्चांक ५,०४०, नीचांक ४,९८० आणि सेटलमेंट ५,०२५ असे होते. तिघांची बेरीज १५,०४५, तिला तीनने भागले की पिव्हट ५,०१५. पिव्हटच्या दुपटीतून नीचांक वजा केला की पहिला अडथळा ५,०५०, उच्चांक वजा केला की पहिला आधार ४,९९०. आणि कालची ६० अंकांची व्याप्ती पिव्हटमध्ये मिळवली किंवा त्यातून वजा केली की दुसरा अडथळा ५,०७५ आणि दुसरा आधार ४,९५५. कागद-पेन्सिलीने हे दोन मिनिटांत होते, आणि चार्टच्या कोणत्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप आखून मिळते.

मग पैसे कशाचे, तर गाळणीचे. एका वायद्यावर पिव्हटच्या पाच पातळ्या, दोन-तीन चलसरासऱ्या, मागच्या आठवड्याचे उच्चांक-नीचांक, फिबोनाचीचे ३८.२ आणि ६१.८ टक्क्यांचे टप्पे असे सगळे आखले की चार्टवर जाळे तयार होते आणि भाव कुठेही थांबला तरी तो कोणत्या ना कोणत्या रेषेवर थांबल्यासारखा दिसतो. या सेवेचे विश्लेषक त्या जाळ्यातून बहुतेक रोज दोनच पट्टे ठळक ठेवतात आणि बाकीच्या रेषा पानावर येऊ देत नाहीत. ज्या दिवशी काहीच ठळक करण्याजोगे नसते त्या दिवशी तसे स्पष्ट लिहितात, आणि वर्गणीदाराला रोज काहीतरी सौदा हवाच असतो हे माहीत असताना तसे लिहिण्याला धीर लागतो.

या सेवेची सर्वांत चांगली गोष्ट मात्र वेगळीच आहे. तेजीचे किंवा मंदीचे मत दिले की त्याच ओळीत ते मत कोणत्या पातळीवर मोडते हेही दिलेले असते, आणि ती पातळी नुसती स्पर्शली तर मोडते की तिच्याखाली सेटलमेंट झाले तर मोडते, हेसुद्धा. वरवर पाहता हा फरक बारीक वाटतो, पण अल्पकालीन सौद्यात सारा खेळ त्याच्यावरच असतो. ई-मिनीचे इलेक्ट्रॉनिक व्यवहार न्यूयॉर्कच्या रविवार सायंकाळी सहापासून शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत, मध्ये रोज एक तासाची विश्रांती सोडली तर, अखंड चालतात. रात्रीच्या विरळ बाजारात थोड्याशा विक्रीने भाव आधाराच्या चार-सहा अंक खाली जातो, तेथे लावलेले स्टॉप (तोटा थांबवण्यासाठी आधीच देऊन ठेवलेले आदेश) उडवतो आणि सकाळी काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा आधाराच्या वर येऊन बसतो. स्पर्शावर मत मोडते असे मानणाऱ्याचा सौदा रात्रीच संपतो, तर सेटलमेंटवर मोडते असे मानणारा सौद्यात टिकतो. पण त्याला जास्त तोटा सोसण्याची तयारी ठेवावी लागते, आणि ती तयारी किती अंकांची असावी हे त्याला आधीच ठरवावे लागते. सेवा यांपैकी एक मार्ग तुमच्यासाठी निवडत नाही, फक्त पातळी कोणत्या अर्थाने दिली आहे ते सांगते. मला एवढेच हवे होते.

याच कारणाने, पानावरचा कालचा नीचांक कोणत्या सत्राचा आहे हेही महत्त्वाचे ठरते. संपूर्ण इलेक्ट्रॉनिक सत्राचा नीचांक घेतला तर पिव्हट एक येतो आणि सकाळी साडेनऊ ते दुपारी चार एवढ्याच नियमित सत्राचा घेतला तर दुसरा. या सेवेत निर्देशांकांच्या पानावर दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी असतात. सेटलमेंट भावाबाबतही ती काटेकोर आहे. न्यूयॉर्कच्या कच्च्या तेलाच्या चालू महिन्याच्या कराराचा सेटलमेंट भाव दुपारी २ वाजून २८ मिनिटे ते २ वाजून ३० मिनिटे या दोन मिनिटांतल्या सौद्यांच्या भारित सरासरीवरून काढतात, पण व्यवहार त्यानंतरही तासन्‌तास चालू राहतात. अनेक मोफत तक्त्यांमध्ये शेवटच्या सौद्याचा भावच बंद भाव म्हणून छापलेला असतो, त्यामुळे पिव्हट आणि कँडल (चार्टवर एका दिवसाचे भाव दाखवणारा ठोकळा) या दोहोंचेही आकडे बदलतात आणि दोन माणसे एकाच तेलाच्या दोन वेगवेगळ्या चार्टवरून वाद घालत बसतात.

एवढा काटेकोरपणा असलेली सेवा रोलओव्हरच्या, म्हणजे मुदत संपणारा करार सोडून पुढच्या करारात जाण्याच्या, आठवड्यात मात्र सपशेल घसरली, आणि तिच्यासोबत मीही घसरले. निर्देशांकांचे वायदे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर असे तिमाही असतात आणि मुदतीच्या महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी संपतात. त्याच्या आधीच्या आठवड्यापासून उलाढाल पुढच्या करारात सरकू लागते. नव्या कराराचा भाव जुन्यापेक्षा वेगळा असतो, कारण त्यात तीन महिन्यांचे जादा व्याज मिळवलेले आणि तेवढ्या काळातला लाभांश वजा केलेला असतो. वार्षिक व्याजदर ५ टक्के आणि लाभांश दीड टक्का धरला तर तिमाहीला सुमारे ०.८७५ टक्के, म्हणजे निर्देशांक ५,००० असताना जवळजवळ ४४ अंकांचा फरक पडतो. ई-मिनीच्या एका अंकाची किंमत ५० डॉलर असते, तेव्हा हा फरक एका करारामागे २,२०० डॉलरचा झाला. बाजार यात तसूभरही हललेला नसतो, फक्त मोजपट्टी बदललेली असते.

मी गोल आकड्यांत सांगते. पानावर अडथळा ५,०५० दिला होता आणि सोमवारी भाव ५,०८० होता. भाष्यात लिहिले होते की अडथळा ३० अंकांनी ओलांडला गेला आहे, आता तोच आधार समजावा आणि ५,०४५ च्या खाली मत मोडते असे मानावे. चार्टवर भली मोठी गॅपही, म्हणजे आदल्या आणि त्या दिवसाच्या भावांमधली मोकळी जागाही, दिसत होती. मी नव्या महिन्याच्या करारात खरेदी केली. अडथळ्याचा तो आकडा जुन्या कराराचा होता. नव्या कराराच्या मोजपट्टीवर तो ५,०९४ च्या आसपास येत होता, म्हणजे भाव अडथळ्याच्या वर नव्हे तर त्याच्या अगदी खाली येऊन उभा होता. दुपारी तो त्याच ५,०९४ ला टेकून फिरला आणि दुसऱ्या दिवशी माझा स्टॉप उडाला. ई-मिनीच्या दशांश आकाराच्या, २०१९ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या मायक्रो करारात सौदा होता म्हणून खिशाला झळ फारशी बसली नाही, पण ती गॅप मी स्वतः दहा मिनिटे कौतुकाने न्याहाळत बसले होते याची चुटपुट अजून आहे. उलाढालीचा स्तंभ पाहिला असता तर एका दिवसात तो एका करारातून दुसऱ्या करारात उडी मारून गेल्याचे लगेच दिसले असते.

सलग चार्ट तयार करण्याच्या दोन प्रचलित रीती आहेत. एकीत करार नुसते एकापुढे एक जोडतात, तेव्हा प्रत्येक सांध्यावर खोटी गॅप पडते. दुसरीत मागचे सगळे भाव सांध्यावरच्या फरकाएवढे वरखाली सरकवतात, तेव्हा गॅप जाते आणि चलसरासरी सुरळीत चालते, पण मागचे भाव प्रत्यक्षात कधीच नसलेले असे होऊन बसतात. गेल्या वर्षीचा उच्चांक म्हणून जो आकडा दिसतो, त्या भावाला त्या दिवशी कोणीही खरेदी-विक्री केलेली नसते. सेवा चलसरासरीसाठी दुसरी रीत वापरते आणि आधार-अडथळ्यांसाठी पहिली, आणि हे पानावर कुठेही लिहिलेले नव्हते. दोन्ही रीतींना आपापले कारण आहे, पण त्या न सांगता एकाच चार्टवर मिसळल्या की वर सांगितला तसा सोमवार उगवतो.

कच्च्या तेलात तर करार दर महिन्याला बदलतो. २० एप्रिल २०२० रोजी मे महिन्याच्या कराराचे सेटलमेंट उणे ३७.६३ डॉलरला झाले, मुदत संपायला एकच दिवस उरला होता, आणि त्याच दिवशी जूनचा करार २० डॉलरच्या वर होता. त्या दिवशी तेलाचा भाव काय होता, या प्रश्नाला कराराचा महिना सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. टक्केवारीवर आधारलेली कोणतीही मोजणी भाव शून्याखाली गेला की निरर्थक होते, आणि सरकवलेल्या सलग चार्टमध्ये जुने भाव उणे होण्यासाठी असा अघटित दिवस उगवावाही लागत नाही, सांध्यांवरचे फरक साचत गेले की ते आपोआप होतात.

ऊर्जेची दोन पाने हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाचा खनिज तेलाच्या साठ्यांचा साप्ताहिक अहवाल एरवी बुधवारी सकाळी साडेदहाला आणि नैसर्गिक वायूच्या साठ्यांचा गुरुवारी साडेदहाला प्रसिद्ध होतो. वायूच्या वायद्यात हा आकडा आल्यावर पहिल्या काही मिनिटांत भाव असा हलतो की सकाळच्या पानावरचे आधार आणि अडथळे त्या दिवसापुरते इतिहासजमा होतात. तरीही गुरुवारचे पान मंगळवारच्या पानासारखेच दिसते, अहवालाची वेळ नाही की पातळ्यांबाबत सूचना नाही. याउलट मका आणि सोयाबीनच्या पानावर अमेरिकी कृषी खात्याचा मागणी-पुरवठ्याचा मासिक अहवाल दुपारी बाराला यायचा असेल तर दोन दिवस आधीपासून चौकटीत तशी नोंद असते आणि त्या दिवशी मत दिलेच जात नाही. धान्याचे पान लिहिणारा हात वेगळा आहे हे उघड आहे, आणि तो कोणाचा आहे हे कळले तर मी फक्त त्याचेच लेखन घेईन. जुलैचा मका जुन्या पिकाचा आणि डिसेंबरचा नव्या पिकाचा, तेव्हा दोघांना एका सलग चार्टमध्ये कोंबणे म्हणजे दोन वेगळ्या मालांची सरासरी काढणे आहे, एवढे तो जाणतो आणि उन्हाळ्यात दोन्हींचे चार्ट वेगळे देतो.

निर्देशकांच्या वापराबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय ७० च्या वर गेला की अतिखरेदी झाली, आता विका, असा पोरकटपणा येथे नाही. जोरकस तेजीत तो कित्येक दिवस ७० च्या वर राहू शकतो हे लिहिणाऱ्यांना माहीत आहे. बॉलिंजर पट्टे चार्टवर असतात, भाष्यात क्वचितच येतात. शनिवारच्या पुरवणीत भावाच्या चढउतारांच्या लहरींची मोजदाद असते, ती मी वाचत नाही. सोमवारी मोठ्या सटोडियांच्या खरेदी-विक्रीची स्थिती दाखवणारा तक्ता येतो आणि त्यावर विश्लेषक आठवड्याचा कल ठरवतात, त्याला मात्र माझा आक्षेप आहे. अमेरिकेच्या वायदे नियामकाचा हा अहवाल मंगळवारअखेरच्या स्थितीचा असतो आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला प्रसिद्ध होतो, म्हणजे सोमवारी तो सहा दिवसांचा शिळा झालेला असतो. एक ते पाच दिवसांच्या अंदाजाला सहा दिवसांपूर्वीची स्थिती ताजी बातमी म्हणून देण्यात अर्थ नाही. तोच तक्ता काही आठवड्यांच्या कलासाठी उपयोगी पडतो, पण ते काम या सेवेचे नव्हे.

आता हिशेबाच्या पानाकडे येते. सेवा दर महिन्याला आपल्या मतांचा निकाल स्वतःच छापते आणि त्यात यशस्वी मतांचे प्रमाण नेहमी देखणे असते. पहिल्या महिन्यापासून मी एका वहीत स्वतंत्र नोंद ठेवली: तारीख, करार, महिना, मत, लक्ष्य, मोडण्याची पातळी आणि निकाल. पहिली अडचण भाषेची आली. ‘५,०५० च्या वर राहिल्यास ५,०७५ पर्यंत उसळी शक्य, ४,९९० च्या खाली गेल्यास ४,९५५ पर्यंत घसरण शक्य’ हे वाक्य कोणत्याही दिवशी चुकीचे ठरू शकत नाही. माझ्या वहीत ते कोरेच राहते, सेवेच्या हिशेबात मात्र दोन्ही बाजूंपैकी जी घडली ती यश म्हणून धरली जाते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. समजा खरेदीचे मत आहे, लक्ष्य ३० अंक वर आणि मोडण्याची पातळी २० अंक खाली, आणि एकाच दिवशी भाव दोन्ही ठिकाणी जाऊन आला. दैनिक कँडलवर उच्चांकही दिसतो आणि नीचांकही, पण आधी कोणता आला हे दिसत नाही. ते पाहायला पाच मिनिटांचा चार्ट उघडावा लागतो. मी उघडून पाहिले, तेव्हा अशा काही दिवशी मत आधी मोडले होते, प्रत्यक्ष सौदा करणाऱ्याचा स्टॉप उडालेला होता आणि नंतर त्याच्याशिवायच भाव लक्ष्यापर्यंत गेला होता. सेवेच्या तक्त्यात हे दिवस यशस्वी म्हणून नोंदलेले होते. मी याबद्दल लिहून विचारले तेव्हा उत्तर आले की तक्ता दैनिक आकड्यांवरून तयार होतो. ते खरे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही, उलट तक्त्यावर का विसंबू नये याचे कारणच मिळते.

शिवाय यशाचे प्रमाण एकटे काही सांगत नाही. दहापैकी सहा मते बरोबर आली आणि प्रत्येकात १० अंक मिळाले, तर ६० अंक झाले. चुकलेल्या चारांत प्रत्येकी २० अंक गेले, तर ८० गेले, आणि साठ टक्के बरोबर असूनही २० अंकांचा तोटा पदरी पडला, दलाली वेगळीच. निकालाच्या तक्त्यात सरासरी नफा आणि सरासरी तोटा हे दोन स्तंभ घातले तर वाचणाऱ्याला हे स्वतःच करता येईल. ते नाहीत.

नवख्या माणसाने ही सेवा घ्यावी का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. पानावर १४ दिवसांची सरासरी खरी व्याप्ती, म्हणजे एटीआर, छापलेली असते, पण तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत. माझ्या मते ती सर्वांत वर हवी. एस अँड पीच्या वायद्याची व्याप्ती ६० अंक असेल तर एका ई-मिनी करारात दिवसाला ३,००० डॉलरची चढउतार ही नेहमीची बाब आहे, आणि ज्याला हा आकडा पेलत नाही त्याने आधाराची पातळी वाचण्यापूर्वीच कराराचा आकार कमी करायला हवा. सौदा किती मोठा असावा याबद्दल सेवा एक अक्षरही लिहीत नाही. ज्याला रोलओव्हर, सत्र आणि सेटलमेंट यांतला फरक ठाऊक आहे आणि जो स्वतःचा चार्ट उघडून पानावरचा प्रत्येक आकडा पडताळू शकतो, त्याचा सकाळचा अर्धा-पाऊण तास ही सेवा वाचवते. बाकीच्यांना ती आत्मविश्वास देईल, आणि या बाजारात तो आधी मिळणे महागात पडते.

मी वर्गणी नव्याने भरली आहे, पण निर्देशांक, धातू आणि धान्य एवढ्याच पानांची; ऊर्जेची पाने सोडली. रोलओव्हरच्या प्रकाराबद्दल मी पाठवलेल्या लांबलचक पत्राला दोन ओळींचे उत्तर आले होते, त्यामुळे फारशी आशा नव्हती. मात्र पुढच्या तिमाहीपासून एस अँड पी आणि नॅसडॅकच्या प्रत्येक पातळीशेजारी कराराचा महिना छापून येऊ लागला, आणि बदलाच्या आठवड्यात जुन्या व नव्या करारांचे आकडे दोन वेगळ्या रंगांत. सोन्याच्या पानावरही तसे झाले. तांब्याच्या पानावर अजून नाही, तेव्हा मार्च, मे, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या उंबरठ्यावर ते पान आले की मी आधी उलाढालीचा स्तंभ पाहते आणि महिन्याचे नाव पेन्सिलीने स्वतःच लिहिते.